हबल दुर्बिणीच्या जायरोस्कोपांचा कारभार

24 एप्रिल 1990 रोजी डिस्कव्हरी यानातून प्रक्षेपित झालेल्या हबल दुर्बिणीची कीर्ती तिने टिपलेल्या तेजोमेघांच्या आणि दीर्घिकांच्या छायाचित्रांमुळे सर्वतोमुखी झाली. परंतु ताशी सुमारे 27,000 किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती फिरणारे हे प्रचंड यंत्र एखाद्या अंधुक दीर्घिकेवर नजर खिळवून ठेवते तरी कसे, हा प्रश्न विचारणारा मनुष्य विरळा, आणि त्याचे उत्तर ज्या सहा लहान उपकरणांच्या ठायी आहे त्यांची वास्तपुस्त करणारा तर त्याहूनही विरळा.

ती उपकरणे म्हणजे जायरोस्कोप. वेगाने फिरणारा भोवरा सहजासहजी आपला आस सोडीत नाही, या तत्त्वावर त्यांची उभारणी झालेली असून, 1852 साली पृथ्वीचे परिवलन प्रत्यक्ष दाखविण्यासाठी लेओं फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने जे साधन सिद्ध केले, त्याच्याच कुळातली ही मंडळी. हबलच्या जायरोस्कोपातील चक्र मिनिटाला 19,200 फेरे घेते. ते ज्या बंद नळकांड्यात बसविले आहे ते नळकांडे दाट द्रवात तरंगते. आणि चक्राच्या मोटारीला लागणारी वीज केसाइतक्या बारीक तारांनी त्याच द्रवातून आत नेलेली आहे. दुर्बीण वळू लागली की नळकांड्याची जी सूक्ष्म हालचाल होते, तिच्यावरून वळण्याची दिशा व गती संगणकास कळते, आणि या खबरीला मार्गदर्शक ताऱ्यांच्या वेधांची जोड मिळाली म्हणजे दुर्बिणीची नजर 0.007 विकलांपलीकडे ढळत नाही. एका अंशाच्या 3,600 भागांपैकी एक भाग म्हणजे विकला, हे ध्यानात घेतले असता या काटेकोरपणाची कल्पना यावी.

नियमित कामकाजास तीन जायरोस्कोप लागत; उरलेले तीन राखीव. हा बंदोबस्त दूरदर्शीपणाचाच ठरला, कारण या उपकरणांचा मुख्य रोग त्यांच्या जन्मातच दडलेला होता. दाट द्रव आत लोटताना हवेचा दाब वापरला गेला, हवेतील प्राणवायू द्रवात मिसळला, आणि त्या द्रवाने बारीक तारा हळूहळू कुरतडून टाकल्या. कारण उमगल्यावर हवेच्या जागी नायट्रोजन योजण्यात आला; तरी 13 नोव्हेंबर 1999 रोजी चौथा जायरोस्कोप निकामी होऊन दुर्बिणीचे कामकाज तहकूब झाले, ते डिसेंबरात अंतराळवीरांनी सहाही बदलेपर्यंत. 1993 साली चार, 1999 साली सहा आणि 2009 साली पुन्हा सहा, असे मूळचे धरून एकंदर 22 जायरोस्कोप या दुर्बिणीच्या चाकरीत रुजू झाले.

त्यांच्या प्रकृतीची देखरेख मेरीलँडमधील गोडार्ड केंद्रातून चालते. उपकरण निरोगी असले तरी दुर्बीण निश्चल असताना किंचित गती दाखविण्याची खोड त्याला असतेच. ती किती, हे ताऱ्यांच्या वेधांवरून ठरवून तेवढी वजावट हिशेबात धरावी लागते. शिवाय प्रत्येकाच्या कामाच्या रीती दोन: मोठ्या वळणासाठी स्थूल आणि लक्ष्यावर नजर स्थिर करण्यासाठी सूक्ष्म. खबर विश्वासार्ह उरली नाही, तर दुर्बीण आपण होऊन वेध थांबविते, सौरपट्ट सूर्याकडे ठेवते आणि पृथ्वीवरून येणाऱ्या हुकमाची वाट पाहते.

या देखरेखीची खरी कसोटी 2018 साली लागली. 5 ऑक्टोबर रोजी एक जायरोस्कोप बंद पडला, आणि सात वर्षांहून अधिक काळ निजवून ठेवलेला राखीव जायरोस्कोप जागा केला, तेव्हा तो वास्तवाहून कितीतरी अधिक गती सांगू लागला. अभियंत्यांनी त्याला ताबडतोब बडतर्फ केले नाही. चक्र थांबण्यापूर्वीच पुन्हा चालू होईल अशा बेताने त्यांनी त्याची वीज क्षणभर तोडून पाहिली. गुण आला नाही. मग, नळकांडे द्रवातील एखाद्या अडथळ्यामुळे मध्यापासून सरकले असावे, या तर्काने त्यांनी अख्ख्या दुर्बिणीला उलटसुलट वळविले आणि त्याच वेळी जायरोस्कोपाची रीत स्थूलातून सूक्ष्मात व सूक्ष्मातून स्थूलात वारंवार पालटली. ही मात्रा लागू पडली, आणि 26 ऑक्टोबर रोजी दुर्बीण कामावर परतली.

तथापि 2023 च्या नोव्हेंबरात तोच जायरोस्कोप पुन्हा भ्रामक आकडे देऊ लागला, आणि 24 मे 2024 रोजी दुर्बीण पुनश्च थांबली, तेव्हा दुरुस्तीचा मार्ग उरला नव्हता; कारण दुर्बिणीपर्यंत माणसे नेणारी शटल याने 2011 सालीच निवृत्त झाली होती. शाबूत राहिलेल्या दोहोंपैकी एकावरच कारभार चालवावा आणि दुसरा राखून ठेवावा, असा निर्णय जूनमध्ये जाहीर झाला. उरलेली माहिती चुंबकमापक, सूर्यवेधक आणि तारावेधक यांच्याकडून घ्यावयाची, ही योजना पूर्वीच तयार होती. या काटकसरीचा मोबदला वेधांच्या कार्यक्षमतेत सुमारे 12 टक्के घट आणि मंगळाहून जवळच्या चल वस्तूंचा पाठलाग सोडणे, एवढाच द्यावा लागला.

दूरच्या यंत्राचे आयुष्य वाढविण्यास त्याचे सुटे भाग जितके उपयोगी, तितकीच त्या भागांच्या गुणदोषांची अखंड ठेवलेली नोंद उपयोगी पडते, हे हबलने सिद्ध केले आहे. पाठविलेल्या आकड्याचा पडताळा पाहणे, त्याच्या खोडीची वजावट करणे, आणि वेळ आल्यास कमी साधनांत काम भागविण्याची तजवीज आधीच करून ठेवणे, या तीन गोष्टी ज्यांनी केल्या, त्यांच्या शिस्तीचे ऋण दुर्बिणीच्या प्रत्येक छायाचित्रावर आहे.