वाढपी भिंत

संपादकांचा निरोप दोन ओळींचा होता : अ‍ॅमस्टरडॅमला निघालाच आहात, तर तिथल्या जुन्या हॉटेलांवर लिहा, इराण्यांवर सगळ्यांचं लिहून झालं. आता 'हॉटेल' म्हटलं की आपल्याला मिसळीपासून मटणापर्यंत काहीही खायची जागा. भाचीनं मात्र निरोप वाचून मला शहरातली तीन जुनी लॉजं काढून दाखवली. बारा वर्षं परदेशात काढली की माणूस मराठीतलं 'हॉटेल' विसरतो. मी तिला म्हटलं, "अगं, राहायला नाही, खायला." तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "मग मामा, योर्दानमध्ये जा. आणि येताना भिंतीतलं खाऊन या."

भिंतीतलं म्हणजे काय, ते तिनं सांगितलं नाही.

योर्दान ही अ‍ॅमस्टरडॅमची गिरगाव-लालबाग म्हणता येईल अशी जुनी वस्ती. १६१२ च्या सुमारास शहरानं हातपाय पसरले तेव्हा सावकारांसाठी रुंद कालव्यांचं कडं आखलं गेलं, आणि त्याच्या पश्चिमेला, शेतांच्या जुन्या चरांवरच गल्ल्या पाडून, कारागीर आणि मजुरांची सोय झाली. म्हणून सावकारांचे कालवे कंपासानं काढल्यासारखे वळतात आणि योर्दानच्या गल्ल्या तिरक्या पळतात. नावं मात्र फुलाझाडांची : गुलाबाचा कालवा, लिंडन झाडाचा कालवा, तमालपत्राची गल्ली. प्रत्यक्षात या कालव्यांना इतकी घाण येई की एकोणिसाव्या शतकात त्यांतले बरेच बुजवून रस्ते केले. रेम्ब्रांटनं दिवाळं निघाल्यावर शेवटची वर्षं याच गुलाबाच्या कालव्यावर, म्हणजे रोझेनग्राख्तवर काढली आणि १६६९ साली तो तिथंच गेला.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या एवढ्याशा भागात ८० हजारांच्या आसपास माणसं कोंबलेली होती. एका खोलीत एक कुटुंब, तळघरात आणखी एक. १८८६ च्या जुलैत लिंडनच्या कालव्यावर लोकांनी दोरीला जिवंत वाम टांगून, होडीतून ती ओढून काढायचा खेळ मांडला. खेळाला बंदी होती. पोलिसांनी दोरी कापली, त्यावरून दंगल पेटली, लष्कर आलं आणि २६ माणसं मेली. एका माशावरून! पण वामीचं निमित्त. पोटात भूक होती. आज तिथं शनिवारी बाजार भरतो, आणि घराच्या किमती ऐकून मला आमचं दादरचं घर स्वस्त वाटू लागलं.

प्रिन्सेनग्राख्त आणि ब्राउव्हर्सग्राख्त मिळतात त्या कोपऱ्यावर 'पापेनआइलंड' आहे. इथलं साल सांगतात १६४२. नावाचा अर्थ साधारण 'पोपवाल्यांचं बेट'. १५७८ नंतर शहर प्रोटेस्टंटांच्या हाती गेलं, कॅथलिकांना उघड प्रार्थना करता येईना. तेव्हा पलीकडच्या काठावरच्या चोरट्या चर्चमध्ये जायला इथून भुयार होतं, असं म्हणतात. आत निळ्या-पांढऱ्या डेल्फ्ट फरशा, जुनी शेगडी, काळपट लाकूड. सफरचंदाचा केक मागवला. हाच केक २०११ साली बिल क्लिंटननं खाल्ला होता, हे टेबलावर बसण्याआधीच आपल्याला कळतं. केक उत्तम. दालचिनी सढळ, सफरचंदाच्या फोडी दाताखाली येतात, वर साय घोटून.

अशा जागांना इकडे 'तपकिरी कॅफे' म्हणतात. तपकिरी रंग लाकडाचा, आणि शेकडो वर्षांच्या तंबाखूच्या धुराचा. १ जुलै २००८ पासून खाण्यापिण्याच्या जागी धूम्रपान बंद झालं. छातीच्या दृष्टीनं ठीकच झालं, पण छतावरचा तो रंग बनायचा कारखाना त्या दिवशी थांबला. आता छत रंगवायचं तर डब्यातून तपकिरी आणावा लागतो. ही गोष्ट मला दिवसभर पुरली. जुनेपण जपायचं ठरवलं की ते विकत आणावं लागतं.

एव्हाना माझा लेख जवळपास तयार होता. फरशा, धूर, क्लिंटन. आणि नेमका म्हणूनच तो मला आवडेना.

संध्याकाळी कालव्याकाठानं चालत लाइड्सेस्ट्राटला आलो. अरुंद रस्ता, मधून ट्राम, दोन्हीकडे माणसांचा लोंढा. तिथं एका उघड्या दुकानात भिंत दिसली. काचेची छोटी छोटी दारं, ओळीवर ओळ, टपाल कार्यालयातल्या पोस्ट-बॉक्सांसारखी. प्रत्येक दारामागे दिवा आणि दिव्याखाली तळलेलं काहीतरी एकटंच बसलेलं. एका पोरानं नाणं टाकलं, खटका वाजला, दाराची मूठ ओढली, वस्तू काढली, चावा घेतला आणि चालू लागला. कुणाशी एक अक्षर बोलला नाही. डच लोक याला सरळ 'भिंतीतून खाणं' म्हणतात. भाचीचं भिंतीतलं ते हे.

ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली ती गोष्ट आपण ऐकत मोठे झालो. ही भिंत वाढते.

दुकानाचं नाव फेबो. योहान दे बोर्स्ट नावाच्या बेकरीवाल्यानं १९४१ साली, म्हणजे शहर जर्मनांच्या टाचेखाली असताना, हा धंदा सुरू केला. तो काम शिकला फर्दिनांद बोलस्ट्राटवर. त्या नावातलं 'फे' आणि 'बो' उचलून दुकानाला दिलं. दुकान मात्र निघालं आम्स्टेलफेनच्या रस्त्यावर. पुढे १९६० मध्ये बेकरीला भिंत आली, आणि पावापेक्षा भिंत मोठी झाली. आता फर्दिनांद बोल कोण? रेम्ब्रांटचा शिष्य, चित्रकार. गुरू रोझेनग्राख्तवर कफल्लक गेला. शिष्याचं अर्धंमुर्धं नाव रात्री दोन वाजता तळणीच्या वासात लखलखत असतं.

कल्पना डचांची नव्हे. पहिलं असं यंत्र-हॉटेल १८९५ मध्ये बर्लिनला निघालं. १९०२ ला फिलाडेल्फियात हॉर्न आणि हार्डार्टनं ते अमेरिकेत नेलं. न्यूयॉर्कमध्ये एके काळी कारकून-टंकलेखिकांचं दुपारचं जेवण याच काचांमागून येई. तिथलं शेवटचं १९९१ मध्ये बंद पडलं. बर्लिनचंही गेलं. इथं मात्र भिंत उभी आहे, आणि उभी आहे ती कुणी जपली म्हणून नाही, तर लोक रोज तिच्यातून खातात म्हणून.

मी तासभर उभा राहिलो. चार-पाच वेळा खाल्लंही, ते लिहायलाच हवं. पहिल्यांदा क्रोकेट. हा डचांचा वडा. मांस शिजवून त्याच्या रश्श्यात लोणी-मैदा घोटून घट्ट पिठलं करायचं, गार करून वळायचं, पावाच्या चुऱ्यात घोळून तळायचं. बाहेरून कुरकुरीत, आत इतकं पातळ आणि इतकं तापलेलं की पहिल्या घासाला टाळू सोलते. नवखा माणूस लगेच ओळखू येतो. हेच मऊ पावात घालून मोहरी लावली की झाला त्यांचा वडापाव. शाकाहाऱ्यांना चीजचा कप्पा आहे. आणि बामी नावाची एक चकती आहे, इंडोनेशियातल्या शेवयांची, चुऱ्यात घोळून तळलेली. साम्राज्य गेलं, राहिलं ते असं कप्प्यात.

पण मला धरून ठेवलं ते खाण्यानं नव्हे. एका बाईनं दार उघडून क्रोकेट काढलं आणि दार पूर्ण मिटायच्या आत त्या रिकाम्या कप्प्यातून मला पलीकडचं दिसलं : पिवळा उजेड, वाफ, आणि एक हात. मनगटावर जुना भाजल्याचा डाग. हातानं नवं क्रोकेट बरोबर मधोमध ठेवलं, बोटानं किंचित फिरवलं, शिवण मागे गेली, गोरी बाजू काचेकडे आली. मग नाहीसा झाला. पुढे पाहत राहिलो तसा हिशोब कळू लागला. हा माणूस गिऱ्हाईक बघतच नाही. तो भोकं बघतो. पलीकडून त्याला ही भिंत म्हणजे भरलेल्या-रिकाम्या घरांचा सोंगट्यांचा पट. कोणता रकाना भराभर रिकामा होतोय, ट्राम आली की किती जातील, सिनेमा सुटायला किती वेळ आहे, हे त्याला भोकांवरूनच समजत असणार. जास्त तळून ठेवलं तर उबेत पापुद्रा नरम पडतो. कमी तळलं तर भिंत पडक्या दातांसारखी दिसते. दोन्हींच्या मधून त्याला चालायचं. मला हे वाढप्याचं काम वाटलं, जुन्या पंगतीतल्या : ताट रिकामं दिसण्याआधी पळी पोचली पाहिजे, आणि पानात टाकलेलं दिसता कामा नये. तासाभरात मी त्याचा चेहरा पाहिला नाही. त्यानंही माझा. यंत्र यंत्र म्हणतात ते एवढंच : दोन माणसांच्या मधली एक काच आणि एक खटका.

आता हा खटका.

जुन्या तऱ्हेत नाणं स्वतः काम करतं. पडताना वजनानं-मापानं पारखलं जातं, अडकवलेली कळ सुटते, दार ओढता येतं. २००२ मध्ये गिल्डर जाऊन युरो आला तेव्हा नाण्यांबरोबर ही मापंही बदलावी लागली. तेवढ्यानं काही भिंत ढासळली नाही. कोपऱ्यात नोटा मोडून देणारं यंत्र बसलं आणि काम चालू राहिलं. नाण्याची एक गंमत अशी की ते रुसतं. एका रेल्वे स्थानकावर, दुसऱ्याच कुणाच्या भिंतीनं माझे दोन युरो गिळले आणि दार हूं की चूं करेना. मी पाटी शोधत होतो, तेवढ्यात मागच्या म्हाताऱ्यानं मला हळूच बाजूला केलं आणि मुठीनं एक बुक्का घातला. दार उघडलं. एक रुपयाच्या लाल फोनला आम्ही घालायचो तस्साच. बुक्क्यांची भाषा सगळ्या देशांत एकच असावी.

आता भिंतींवर कार्ड टेकवायची पट्टी आली आहे. डच माणूस पाकीट बाळगत नाही. भाजीवालीसुद्धा कार्ड घेते. पट्टी सोयीची, स्वच्छ, आणि गल्ला मोजायचा त्रास नाही. पण तिच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : कार्डच टेकवायचं तर भिंत कशाला? पडद्यावर बोट लावा, क्रमांक येईल, घेऊन जा. पहिल्या युरोपीय मॅकडोनाल्डची पाटी १९७१ मध्ये इथून जवळच, झानडामला लागली. १९९९ पासून तिथंही पावात क्रोकेट मिळतं. चव परक्या दुकानात जाऊ शकते, हे सिद्धच झालंय. काच आणि खटका जाऊ शकत नाहीत.

शिवाय जागा. हे शहर नऊ लाखांवर वस्तीचं, आणि पाहुणे त्याच्या कितीतरी पट. म्हणून २०१७ मध्ये नगरपालिकेनं मध्यवस्तीत केवळ पर्यटकांसाठीची नवी दुकानं काढायला बंदी केली. चीज आणि चॉकलेट-पॅनकेकच्या दुकानांनी गल्ल्याच्या गल्ल्या गिळल्या होत्या. २०२१ मध्ये वर्षाला २ कोटी मुक्काम ही मर्यादा ठरली. कालव्यांचं कडं २०१० पासून युनेस्कोच्या यादीत आहे, दर्शनी भिंतीची वीटही परवानगीशिवाय हलत नाही. पण या साऱ्या कागदांत वास्तू आहे, धंद्याची जात आहे, मुक्कामांचा आकडा आहे. योर्दानचे कामगार ज्या पद्धतीनं पुर्मरेंड-अल्मेऱ्याला गेले, गिरगावकर डोंबिवलीला गेले तसे, ते अडवायला कुठला कागद कामी आला नाही. आता त्या वस्तीत २० हजारांच्या आसपास माणसं राहतात. एलांड्सग्राख्तवर जॉनी योर्दान या गायकाचा पुतळा आहे; ज्यांच्यासाठी तो गायचा, त्यांची नातवंडं तो बघायला लोकलनं येतात.

तपकिरी कॅफेचं त्या मानानं बरं चाललंय. साल सांगता येतं, भुयाराची गोष्ट आहे, पाहुणे फोटो काढतात. भिंतीला गोष्ट नाही. कळकट, तेलकट, दारू प्यालेल्यांचं खाणं, अशीच तिची ख्याती. भाचीच्या डच सहकाऱ्यांना मी तिच्यावर लिहितोय हे कळल्यावर ते हसले, आणि मग प्रत्येकानं आपण शेवटचं कधी, कुठल्या रात्री, कुणाबरोबर भिंतीतून खाल्लं ते सांगितलं. एकाही तपकिरी कॅफेबद्दल कुणी असं सांगितलं नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी भाचीच्या आठ वर्षांच्या लेकाला घेऊन आम्स्टेलफेनमधल्या एका भिंतीपाशी गेलो. आपल्याकडच्या लोकांची तिथं मोठी वस्ती, रांगेत मागे कुणीतरी मराठीतच "तिखट आहे का यात?" विचारत होतं. खिशात मुद्दाम दोन युरोची नाणी जमवून नेली होती. फट सापडेना. बोटांनी चाचपलं तर फटीच्या जागी स्क्रूनं पत्रा बसवलेला. पोरानं माझ्याकडे पाहिलं, आईचं कार्ड टेकवलं, हिरवा दिवा लागला. त्यानं दार ओढलं आणि वाकून, डोकं तिरकं करून, कप्प्यातून आत डोकावला.

"आजोबा," तो म्हणाला, "आत कुणीतरी आहे."