सहाव्या वर्षाची दाढ आणि सीलंटचा निर्णय

जयपूरच्या झालाना भागातील मूल असो वा पालघरच्या पाड्यावरील. साधारण सहाव्या वर्षी त्याला पहिली कायमची दाढ येते. दुधाचा दात न पडता ती मागच्या बाजूस उगवत असल्याने अनेक पालक तिलाही दुधाची समजतात आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते.

दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागावरील खाचांच्या तळापर्यंत ब्रश पोहोचत नाही. फ्लोराइडचे संरक्षणही तेथे तुलनेने कमी पडते. या खाचा स्वच्छ व कोरड्या करून त्यांवर रेझिनचा पातळ लेप देणे म्हणजे सीलंट. सौम्य आम्लाच्या वापराने रेझिन दातास घट्ट चिकटते, हे मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवून दिले.

खाचा खोल असल्यास किंवा इतर दातांना कीड लागली असल्यास सीलंटचा लाभ अधिक होतो. खाचा उथळ व कीड लागण्याचा धोका कमी असल्यास नियमित तपासणीवर भर देता येतो. लेप झिजू शकतो; म्हणून तो लावल्यानंतरही तपासणी व फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासणे आवश्यकच असते.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत दंतक्षयाचा समावेश आहे. मात्र दाढेत खड्डा आढळेपर्यंत प्रतिबंधाची संधी हुकलेली असते आणि उरतो तो उपचाराचा खर्च. म्हणूनच सहाव्या आणि दुसरी कायमची दाढ येण्याच्या, म्हणजे बाराव्या वर्षाच्या सुमारास होणारी दंततपासणी निर्णायक ठरते.