प्रतिजैव पदार्थ, राखीव

नेहमीच्या प्रतिजैव पदार्थांना (अँटिबायॉटिकांना) दाद न देणाऱ्या जंतूंच्या संसर्गावर अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेली औषधे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैव पदार्थांचे सुलभ, सावध व राखीव असे तीन वापरगट पाडले. तिसऱ्या गटात कोलिस्टीन, लिनेझोलिड, सेफ्टॅझिडाइम-ॲव्हिबॅक्टम इ. औषधे येतात.

निर्बंधांची आवश्यकता : प्रतिजैव पदार्थाने संवेदनशील जंतू मरतात, तर रोधक जंतू तग धरून वाढतात व इतर रुग्णांत पसरतात. त्यामुळे एका रुग्णाला अनावश्यक दिलेल्या औषधाची किंमत शेजारच्या खाटेवरील रुग्णालाही मोजावी लागते. कोलिस्टीन हे वृक्कास (मूत्रपिंडास) अपायकारक म्हणून १९७०–८० च्या दशकात मागे पडले होते. कार्बापेनेमरोधक ग्रॅम-ऋण जंतू पसरल्यावर ते पुन्हा वापरात आले. परंतु कोलिस्टीनरोध एका जंतूकडून दुसऱ्याकडे नेणारे एमसीआर-१ हे जनुक चीनमध्ये आढळल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारताने २०१९ मध्ये अन्नोत्पादक पशू व कुक्कुटपालन यांतील कोलिस्टीनच्या वापरास बंदी घातली.

पद्धती : पूर्वसंमती पद्धतीत संसर्गरोगतज्ञ वा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ यांच्या अनुमतीनेच औषध दिले जाते. पुनर्विलोकन पद्धतीत उपचार सुरू झाल्यावर तज्ञ ते तपासून सल्ला देतात. पहिल्या पद्धतीचा परिणाम लवकर दिसतो. तथापि अनुमतीस विलंब झाल्यास जंतुदोषाने अत्यवस्थ झालेला रुग्ण दगावू शकतो. म्हणून पहिली मात्रा तात्काळ देऊन पुढील मात्रांसाठी अनुमती घेण्याची सोय ठेवणे इष्ट असते. शक्यतो औषधापूर्वी रक्तादींचे नमुने संवर्धनासाठी घेतात व ४८ ते ७२ तासांनी अहवाल पाहून औषध चालू ठेवतात, बदलतात किंवा थांबवितात.

मर्यादा : न्यूयॉर्कमधील क्वीन्स येथील एका रुग्णालयात १९९६ मध्ये सेफॅलोस्पोरिनांवर निर्बंध घातल्यावर त्यांचा वापर सु. ८०% घटला आणि सेफ्टॅझिडाइमरोधक क्लेब्सिएल्ला जंतूंचा आढळ ४४% कमी झाला. मात्र त्याऐवजी इमिपेनेमचा वापर सु. १४१% वाढला व इमिपेनेमरोधक स्यूडोमोनस जंतूंचा आढळ सु. ६९% वाढला. एका औषधावरील निर्बंधाचा ताण असा दुसऱ्यावर पडतो. म्हणून सर्वच प्रतिजैव पदार्थांच्या वापराची एकत्रित नोंद ठेवावी लागते. हातांची स्वच्छता, उपकरणांचे निर्जंतुकीकरण आणि रोधक जंतू असलेल्या रुग्णांचे विलगीकरण यांमुळे मुळात संसर्गच घटतात व राखीव औषधांची गरज कमी होते. या उपायांवाचून केवळ निर्बंध अपुरे ठरतात.