पिंपातलं प्लास्टिक तापलं तर?

लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर 2020 साली ‘अभेद्य’ सुरू झालं. गोवा शिपयार्डने बांधलेल्या या केंद्रात नौसैनिक आण्विक, जैविक आणि रासायनिक हल्ल्याला तोंड देण्याचा सराव करतात. किरणोत्सर्गी धूळ पाण्याने धुता येते, पण त्या पाण्याचं पुढे काय?

तारापूरच्या अणुवीज केंद्राला हा प्रश्न रोजचाच. 1969 साली वीज देऊ लागलेल्या या केंद्रात अणुभट्टीचं पाणी रेझिनच्या बारीक मण्यांतून गाळतात. किरणोत्सर्गी क्षार मण्यांना धरून बसतात आणि मणीच कचरा होतात. असे मणी पिंपात जखडून टाकायला भारतात पॉलिस्टर-स्टायरिन हे प्लास्टिक वापरलं गेलं.

आता उष्णतेची गंमत बघा. चिक्की तापवली की गूळ मऊ होतो आणि दाणे सुटतात. कचरा जखडायला वापरलेल्या डांबराचंही तसंच. पॉलिस्टर मात्र एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, कारण त्याच्या साखळ्या एकमेकींना आडव्या जोडलेल्या असतात. साधारण 300 अंशांपुढे ते थेट तुटायला लागतं आणि स्टायरिनची वाफ सुटते.

मणी तर त्याच्या कितीतरी आधी हार मानतात! काही मण्यांमधून उकळत्या पाण्याइतक्या उष्णतेलाही ट्रायमिथाइलअमाइन बाहेर पडतं. वास थेट सडक्या मासळीचा.

बाहेरून आच नसली तरी पॉलिस्टर घट्ट होताना स्वतःच तापतं. 200 लिटरच्या पिंपात मधली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. मण्यांतल्या ओलाव्याची वाफ झाली की ठोकळ्याला तडे जातात. म्हणून पॉलिस्टर घट्ट करणारं हार्डनर अगदी मोजूनमापून घालावं लागतं.

डांबराने जपानला मोठाच धडा दिला. 11 मार्च 1997 रोजी तोकाई इथे कचरा मिसळलेल्या डांबराच्या पिंपांना सकाळी आग लागली. पाणी मारलं, आग विझली असं वाटलं. सुमारे दहा तासांनी स्फोट झाला आणि 37 कामगारांच्या शरीरात किरणोत्सर्गी अंश गेले. त्या कचऱ्यात नायट्रेट होतं, म्हणजे जळणाच्या पोटातच ऑक्सिजनचा साठा! पॉलिस्टर महाग पडतं खरं, पण मला तरी तो खर्च रास्त वाटतो.

सर्वात जहाल कचरा स्वतःच वर्षानुवर्षं गरम राहतो. तिथे प्लास्टिक टिकणार नाही. तारापूर आणि ट्रॉम्बेला तो हजारेक अंशांवर वितळलेल्या बोरोसिलिकेट काचेत मुरवतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने तर अशा कचऱ्यातून सीझियम-137 वेगळं काढून काचेच्या कांड्यांत भरलं. रुग्णाला रक्त चढवण्याआधी त्यावर किरणांचा मारा करणाऱ्या यंत्रांत या कांड्या बसवतात.