लाल की निळा? ट्रॅक्टरच्या रस्सीखेचीत नेमकं जिंकतं कोण



मोबाईलवाल्यांमध्ये अँड्रॉइड की आयफोन हा वाद काही संपत नाही. आमच्या वर्धा जिल्ह्यात त्याहून जुना आणि त्याहून मोठ्या आवाजाचा एक वाद आहे: महिंद्रा की स्वराज? म्हणजे लाल की निळा? मध्येच एखादा हिरव्या जॉन डिअरवाला येतो आणि दोघांनाही हसून जातो. युरोप-अमेरिकेत लाकूडतोडे स्टिल आणि हुस्कवर्ना या करवतींच्या कंपन्यांवरून असंच एकमेकांना चिडवतात. आपल्याकडे तो मान ट्रॅक्टरला आहे. स्टिकर, हॉर्न, गाणी, रील्स, सगळं काही रंगाप्रमाणे.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. मावशीचं गाव देवळी तालुक्यात. मागच्या उन्हाळ्यात सुट्टीवर गेलो तेव्हा मावसभावाने मला पहिल्याच दिवशी एक रील दाखवली. गहू निघालेल्या वावरात त्याचा ट्रॅक्टर आणि त्याच्या दोस्ताचा ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून उभे, मध्ये साखळी, आणि भावाने दोस्ताला सरळ धुऱ्यापर्यंत ओढत नेलेलं. खाली लिहिलेलं, "बाप बाप असते."

दोस्त माझ्या शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "काहून बे, माह्या टायराचं नाही सांगत तू दादाले?"

मला तिथेच खटकलं. कारण मावशीचे दीर, म्हणजे आमचे काका, कर्ज काढून नवीन ट्रॅक्टर घेणार होते आणि पोरांनी ही रील दाखवून दाखवून त्यांचं जवळजवळ ठरवून टाकलं होतं. लाखोंचा निर्णय तीस सेकंदांच्या व्हिडिओवर. म्हणून म्हटलं, चला, या रस्सीखेचीत नक्की काय मोजलं जातं ते एकदा नीट समजून घेऊ.

आधी एचपी म्हणजे काय?

एचपी म्हणजे हॉर्सपॉवर, अश्वशक्ती. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलण्याची ताकद म्हणजे एक मेट्रिक हॉर्सपॉवर, साधारण ७३५ वॉट. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की यात वेळ आहे. एचपी म्हणजे फक्त जोर नाही, तर जोर किती वेगाने लावता ते.

नुसत्या फिरवण्याच्या जोराला टॉर्क म्हणतात. सायकलवर चढ चढताना हलका गिअर टाकला की पाय भरभर फिरतात, सायकल हळू जाते, पण चढ निघतो. तुमची ताकद तेवढीच राहिली, गिअरने फक्त वेग कमी करून चाकावरचा जोर वाढवला. ट्रॅक्टरचा पहिला लो गिअर हेच काम करतो.

मोबाईल घेताना आपण मेगापिक्सेल बघतो ना, तसं ट्रॅक्टर घेताना लोक एचपी बघतात. आकडा खोटा नसतो, पण एकट्या आकड्यावरून फोटो कसा येईल ते कळत नाही.

रस्सीखेचीत इंजिनाची परीक्षा होतच नाही

आता गणित करू. सोपं आहे, घाबरू नका.

४५ एचपीच्या आसपासचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा असतो. कोरड्या, कडक जमिनीवर टायर वजनाच्या साधारण निम्म्याएवढी ओढ धरू शकतो असं मानू. म्हणजे ओढ झाली एक टन, १,००० किलो. त्याहून जास्त ओढायला गेलं की चाक जागेवरच फिरतं आणि धूळ उडते.

लो गिअरमध्ये वेग धरू ताशी अडीच किलोमीटर. म्हणजे सेकंदाला साधारण ०.७ मीटर. १,००० गुणिले ०.७ बरोबर ७००. याला ७५ ने भागा. उत्तर येतं साधारण सव्वानऊ.

सव्वानऊ एचपी! ४५ पैकी फक्त सव्वानऊ. गिअरबॉक्समध्ये वाया जाणारी थोडी शक्ती धरली, तरी इंजिनाची बरीचशी ताकद वापरलीच जात नाही. इंजिन थकायच्या कितीतरी आधी टायर हात टेकतो.

आणि साखळी तर एकच आहे. ती दोन्ही ट्रॅक्टरांना सारख्याच जोराने ओढते, हा न्यूटनचा तिसरा नियम. मग जिंकतो कोण? ज्याची जमिनीवरची पकड जास्त तो. पकड कशावर अवलंबून? मागच्या चाकांवर किती वजन पडतं, टायरचे गट्टू किती शिल्लक आहेत आणि चाकाखालची जमीन कशी आहे, यावर. बोनेटवरच्या नावाचा त्यात काही संबंध नाही.

मी भावाला विचारलं, "टायरात पाणी भरलंय?" तो हसला. भरलेलं होतं, वर नवीन टायर. मागच्या टायरात पाणी भरलं की वजन बरंच वाढतं आणि नांगरटीला चाक घसरत नाही, म्हणून शेतकरी भरतात. तो काही गुन्हा नाही. दोस्ताचा ट्रॅक्टर मात्र वर्षभर ट्रॉली घेऊन डांबरी रस्त्यावर पळणारा. टायर घासून गुळगुळीत, पाणी शून्य. म्हणजे रीलमध्ये लाल विरुद्ध निळा असं काही नव्हतंच. नवीन टायर विरुद्ध जुना टायर होतं.

मग पुन्हा लावू म्हणाले, आणि तिथे जीव वर आला

माझं गणित ऐकून पोट्ट्यांनी लगेच दुसरी मॅच ठरवली. दोस्ताने टायरात पाणी भरून आणलं. साखळी मात्र यावेळी कोणीतरी एका ट्रॅक्टरच्या वरच्या लिंकच्या ब्रॅकेटला अडकवली, म्हणे तिथून जोर जास्त लागतो. क्लच सुटला आणि त्या ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाकं कंबरेएवढी वर आली. काका बांधावरून ओरडले, चालवणाऱ्याचा पाय नशिबाने क्लचवरच होता, तो दाबला गेला, चाकं धप्पकन खाली आली. नंतर बराच वेळ कोणी बोललं नाही.

कुठला रंग वर उचलला गेला ते मी सांगणार नाही. कारण दोष रंगाचा नव्हता, साखळीच्या जागेचा होता.

हे असं का होतं? मागचं चाक जमिनीला जिथे टेकतं तो बिंदू धरा. साखळी ट्रॅक्टरला मागे ओढते. ती जमिनीपासून जेवढी उंच, तेवढी तरफ लांब आणि ट्रॅक्टरला मागे पाडणारा जोर जास्त. खालचा ड्रॉबार जमिनीपासून ४० सेंटीमीटरवर असेल आणि साखळी एक मीटर उंचीवर बांधली, तर तोच जोर अडीच पट होतो. ट्रॅक्टर मागे पलटी व्हायला एक-दोन सेकंद पुरतात. तेवढ्यात सावरायला वेळ मिळेलच असं नाही. म्हणून नियम एकच: ओढायचं ते खालच्या ड्रॉबारनेच. आणि पलटीपासून वाचवणारी लोखंडी चौकट असेल तर सीटबेल्ट लावूनच बसायचं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या एका मेळ्यात ट्रॅक्टरचा स्टंट करताना एका तरुणाचा जीव गेला. त्यानंतर तिथल्या सरकारने अशा स्टंटवर बंदी घातली. आपल्या गावात तशी बातमी व्हायची वाट बघायला नको.

एक गंमत: भांडताय कोणासाठी?

महिंद्राने १९६३ मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत भागीदारी करून ट्रॅक्टर सुरू केले. स्वराजची गोष्ट वेगळी. त्याचं डिझाईन दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झालं आणि १९७४ पासून पंजाब ट्रॅक्टर्स या कंपनीने मोहालीत त्याचं उत्पादन सुरू केलं. देशी डिझाईनचा ट्रॅक्टर म्हणून निळेवाले छाती काढतात ते उगाच नाही. लालवाल्यांचं म्हणणं असं की आपला माल नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत बनतो, म्हणजे घरचाच.

पण २००७ मध्ये महिंद्राने पंजाब ट्रॅक्टर्स विकत घेतली. म्हणजे लाल जिंको की निळा, पैसा एकाच घरात जातो! तसंच आयशर ट्रॅक्टर २००५ पासून टॅफेकडे आहे आणि मॅसी फर्ग्युसनही भारतात टॅफेच बनवत आली आहे. रेडमी आणि पोकोवाले भांडतात तेव्हा शाओमी जशी गालात हसत असेल, तसंच हे. मशीन मात्र वेगळी आहेत. इंजिन, गिअरबॉक्स, डीलर वेगळे, त्यामुळे आवडनिवड असणं चुकीचं नाही.

मग घेताना बघायचं काय?

काकांसाठी मी बनवलेली यादी अशी:

१. पीटीओ एचपी. रोटाव्हेटर, थ्रेशर ज्या मागच्या शाफ्टवर चालतात, तिथे पोहोचणारी शक्ती. इंजिनाच्या एचपीपेक्षा ती कमी असते आणि कामाची तीच. बहुतेक अवजारांना हा शाफ्ट मिनिटाला ५४० फेऱ्यांवर लागतो, म्हणून त्या वेगाला किती शक्ती मिळते ते विचारा.

२. बॅकअप टॉर्क. काळ्या मातीत अचानक कडक पट्टा लागला की इंजिनाचे फेरे पडतात. त्यावेळी टॉर्क जेवढा वाढतो, तेवढं इंजिन बंद न पडता पुढे निघतं.

३. रुंदी. कपाशीच्या दोन ओळींतून डवरणी करायची तर मोठा ट्रॅक्टर कामाचा नाही. त्यासाठी १५ एचपीच्या महिंद्रा युवराज २१५ सारखे छोटे ट्रॅक्टर असतात.

४. बुदनीचा अहवाल. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे. मॉडेलनुसार पीटीओची शक्ती, ओढ, डिझेलचा खप, सगळं तिथे मोजतात आणि अहवाल मोबाईलवर बघता येतात. रीलपेक्षा हे वाचा.

५. सर्व्हिस सेंटर किती लांब. पेरणीच्या आठवड्यात ट्रॅक्टर बंद पडला तर रंग कामाला येत नाही, मेकॅनिक येतो.

शेवटी मॅच झालीच

वाद मिटवणं माझ्या हातात नव्हतं, पण मैदान बदलता आलं. एकाच वावरात एकेक एकर, एकच कल्टिव्हेटर, सारखी खोली. सुरुवातीला टाकी काठोकाठ भरायची, एकर झालं की मापाने परत काठोकाठ भरायची. जेवढं डिझेल टाकलं, तेवढं लागलं. मग ड्रायव्हर अदलाबदल करून पुन्हा तेच.

पहिल्या फेरीत एक जण जिंकला आणि नाचला. दुसऱ्या फेरीत त्याचाच ट्रॅक्टर हरला, कारण ड्रायव्हर बदलला होता. एक जण खालच्या गिअरमध्ये पूर्ण रेस देऊन चालवत होता, दुसरा एक गिअर वर टाकून रेस कमी ठेवत होता. हलक्या कामाला दुसरी पद्धत डिझेल वाचवते. फरक ट्रॅक्टरसोबत राहिला नाही, माणसासोबत गेला.

काकांनी त्यानंतर यादी खिशात घातली आणि तीन शोरूम फिरून आले. कोणता घेतला ते विचारू नका, अर्धं गाव रुसेल.

भाऊ आणि दोस्त अजूनही भांडतात. फक्त आता रीलखाली "बाप बाप असते" च्या जागी एकराला किती लिटर लागलं ते लिहितात. आणि साखळी काकांच्या कोठीत कुलपात आहे.