चोकवर चालणारी गाडी

चोक लावला की चालते, काढला की बंद पडते. अंबड-घनसावंगीकडच्या वस्त्यांवर शेतात ये-जा करणाऱ्या जुन्या मोटारसायकलींचं हे नेहमीचं दुखणं. गाडी कित्येक दिवस गोठ्याशेजारी उभी असते, पेट्रोल गावातून बाटलीत आणलेलं, टाकी आतून गंजलेली. तो सगळा गाळ कार्बोरेटरच्या वाटीत उतरतो.

दोष बहुधा स्लो जेटचा. रेस सोडल्यावर इंजिनाला लागणारं पेट्रोल या पितळी तुकड्यातून येतं आणि त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. ते चोंदलं की हवा जास्त, पेट्रोल कमी. चोक हवा अडवतो, म्हणून इंजिन तेवढ्यापुरतं तग धरतं.

हे काम इंजिन गार झाल्यावर, मोकळ्या जागी, सावलीत करावं. जवळपास चूल नको, बिडी तर नकोच. आधी पेट्रोलचा कॉक बंद. हवेचा स्क्रू काढण्यापूर्वी तो पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे घेतो ते मोजून मी भिंतीवर खडूने लिहून ठेवतो. फ्लोटची पिन आणि खालची सुई ताटलीत ठेवायची. मातीत पडली की सापडत नाही.

वाटी उघडली की तळाशी काकवीसारखा चिकट थर दिसतो, कडेला पांढरी भुकटी, कधी पाण्याचा थेंब. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओलावा शोषतं. पाणी फार झालं की इथेनॉलसकट वेगळं होऊन खाली बसतं. इथेनॉल ज्यापासून बनतं तो ऊस आणि मका आपल्याच रानात पिकतो, त्याला भाव मिळालाच पाहिजे. पण जुन्या गाड्यांचे रबरी भाग या इंधनासाठी बनवलेले नाहीत, हेही मोकळेपणाने सांगायला हवं.

जेट उजेडाकडे धरला. भोक पूर्ण गोल दिसेना.

"मामा, तार घालू का?" भाच्याने विचारलं.

"नको रे. पितळ मऊ असतं. भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल पिते."

जेट क्लीनरमध्ये भिजवला, ब्रशचा नायलॉनचा केस फिरवला आणि पंक्चरच्या दुकानातून हवा मारून आणली. जेटच्या अंगावरची आडवी भोकंही मोकळी करावी लागतात. घाईत तीच राहून जातात. कार्बोरेटरच्या आतल्या वाटांतूनही हवा मारायची, पण डोळे जपून, कारण फवारा दुसऱ्याच भोकातून उलटा तोंडावर येतो. सुईच्या टोकावर खाच पडली असेल तर कितीही धुवा, पेट्रोल गळणारच. सुई बदलावी.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. जुन्या गाड्यांवर मात्र अजून दुधाचे कॅन आणि खताच्या गोण्या जातात. अशी गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू द्यावं, किंवा खालचा स्क्रू सैल करून ते बाटलीत काढून घ्यावं.