बॅटरी : पेटीत मावणारी आणि डायनॅमोला पेलणारी

जुन्या मोटारींची निगा : लेखांक 9

मागील लेखांकात कार्ब्युरेटरचे प्रकरण हातावेगळे केल्यानंतर या आठवड्यात बॅटरीकडे वळावयाचे आहे. आणि दुकानात जाऊन ‘बारा व्होल्टची एक चांगली बॅटरी द्या’ एवढे म्हणून भागण्यासारखा हा विषय असता, तर त्यासाठी एक सबंध लेखांक खर्ची घालण्याचे काही कारण नव्हते. आजची गाडी असली म्हणजे दुकानदार तिचे नाव ऐकतो, भिंतीवरच्या तक्त्यावर बोट फिरवितो आणि पाच मिनिटांत बॅटरी बसवून जुनी उचलूनही नेतो. परंतु जिला कापडी हुड आहे, जिचा कारखाना बंद होऊन चार दशके लोटली आहेत, आणि जिचे नाव त्या तक्त्यात कधीकाळी होते की नाही याचीच शंका आहे, अशी गाडी दारात उभी राहिली की, दुकानदारापासून शेजाऱ्यापर्यंत प्रत्येकजण ‘जास्त ॲम्पियरची घाला, म्हणजे कटकट मिटली’ असा सल्ला देऊ लागतो. सल्ल्यामागील हेतू शुद्ध असतो, सल्ला मात्र बहुधा चुकीचा असतो.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एकच गाडी समोर ठेवू. इंग्लंडातील ॲबिंग्डन येथील कारखान्यातून 1962 पासून 1980 पर्यंत बाहेर पडलेली एम.जी.बी. ही दोन आसनांची उघडी गाडी जगभरच्या हौशी मंडळींच्या विशेष प्रीतीची आहे. हिची आणि हिच्या छपरी भावंडांची मिळून पाच लाखांहून अधिक संख्या तयार झाल्यामुळे हिच्या सुट्या भागांची अद्यापि चणचण नाही, आणि बॅटरीच्या बाबतीत जेवढे घोटाळे संभवतात तेवढे सर्व या एकाच गाडीत सापडत असल्यामुळे आपल्या कामाला ती फारच सोयीची आहे. आपल्याकडे ती क्वचित दिसते. पण तिच्यासंबंधी जे खरे, ते मुंबई-पुण्याच्या गराजांत झाकून ठेवलेल्या तिच्या समकालीन इंग्लिश गाड्यांनाही पुष्कळ अंशी लागू पडते.

बॅटरी कोठे आहे, येथपासूनच प्रारंभ होतो. बॉनेट उघडून शोधणाऱ्याला ती सापडत नाही, कारण ती आसनांच्या मागे आहे : आसन पुढे लोटावे, मागील फळीवरचा गालिचा उचलावा, पत्र्याच्या झाकणाचे अर्धा फेरा फिरणारे खिळे सोडवावेत, की मग चाकांना फिरविणाऱ्या दांड्याच्या दोन्ही बाजूंस गाडीच्या तळाखाली लोंबकळणाऱ्या दोन पोलादी पेट्या दिसतात. जुन्या गाडीत हे झाकण उचलल्यावर प्रथमदर्शनी दिसते ती टर्मिनलांवर चढलेली हिरवट-पांढरी भुकटी, आणि हात घालून चाचपल्यास बहुधा बोटाला लागतो तो पेटीच्या तळाचा गंजून पापुद्रे सुटलेला पत्रा; हुडाच्या शिवणीतून पाझरलेले पावसाचे पाणी आणि बॅटरीतून उसळलेले ॲसिड यांनी मिळून वर्षानुवर्षे तो खाल्लेला असतो. नवी बॅटरी आणण्यापूर्वी ही पेटी खरवडून, सोड्याच्या पाण्याने धुऊन, रंगवून, तिच्या तळाची भोके मोकळी आहेत याची खातरजमा करावी. पंधरा किलोंचे ओझे कुजक्या पत्र्यावर ठेवून रस्त्यावर निघणे हा शुद्ध अविचार होय.

यानंतरचा मुद्दा अर्थिंगचा, आणि सर्वांत अधिक नासधूस याच मुद्द्यापाशी होते. 1967 च्या उत्तरार्धापर्यंतच्या एम.जी.बी.मध्ये बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असे. त्याच वर्षाच्या अखेरीस दुसरी आवृत्ती आली, डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला, आणि त्याबरोबर ऋण टोक सांगाड्याला जोडण्याची सर्वत्र रूढ झालेली पद्धतही आली. आजच्या मेकॅनिकने जन्मात दुसरी पद्धत पाहिलेली नसल्यामुळे तो हातच्या सवयीने मायनस सांगाड्याला लावून मोकळा होतो. मग डायनॅमोचा जुना ध्रुव आणि बॅटरीचा नवा ध्रुव परस्परांविरुद्ध ठाकल्यामुळे कटआऊटचे पॉइंट जळतात, कॉइलची ठिणगी दुबळी पडते, आणि नंतर कोणी ट्रान्झिस्टरचा रेडिओ बसविलेला असल्यास तो कायमचा मुका होतो. उलटपक्षी ज्याने अर्धेच वाचले आहे, असा एखादा जाणकार अल्टरनेटरच्या गाडीला ‘ही जुनी इंग्लिश गाडी आहे’ म्हणून प्लस सांगाड्याला लावतो आणि अल्टरनेटरमधील डायोड क्षणार्धात भाजून काढतो. गाडीच्या सालावरूनही निर्णय करू नये, कारण मधल्या मालकांपैकी कोणीतरी पद्धत बदललेली असण्याचा संभव पुष्कळ असतो. जुनी बॅटरी काढण्यापूर्वी सांगाड्याकडे जाणारी पट्टी कोणत्या टोकाला आहे हे डोळ्यांनी पाहावे, त्याचे छायाचित्र घ्यावे, आणि झाकणाच्या आतल्या अंगाला ते रंगाने लिहून ठेवावे.

आता त्या दोन पेट्यांचा प्रश्न. 1974 च्या शरद ऋतूत रबरी बंपरांची गाडी निघाली तोवर एम.जी.बी.त एक बारा व्होल्टची बॅटरी नव्हतीच. सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून बारांची बेरीज साधलेली असे. अशा जोडणीत व्होल्ट दुप्पट होतात, पण ॲम्पियर-अवर मात्र एकीचेच राहतात, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. तसेच सहा सेलांपैकी जो अत्यंत दुबळा, त्याच्याच बळाने सगळी जोडी चालत असल्यामुळे, एक मेली म्हणून एकच बदलण्याची किफायत अखेर महागात पडते. प्रदर्शनात मूळ स्वरूपाचे गुण घेण्याची आकांक्षा असेल त्याने सहा व्होल्टच्या दोन, एकाच बनावटीच्या आणि एकाच दिवशी घ्याव्यात. बाकी सर्वांना माझे स्पष्ट मत असे की, एकाच पेटीत मावेल अशी बारा व्होल्टची एक बॅटरी घालावी, दोहोंमधली जोडकेबल काढून टाकावी, आणि रिकाम्या झालेल्या पेटीत हत्यारे ठेवावीत. एक केबल आणि दोन क्लॅम्प कमी झाले म्हणजे बिघाडाच्या जागाही तितक्याच कमी होतात.

मात्र ‘मावेल अशी’ या शब्दांचा अर्थ फूटपट्टीने लावावा, अंदाजाने लावू नये. आपल्या बाजारातील पुष्कळ बॅटऱ्यांवर जपानी पद्धतीचा एक संकेत छापलेला असतो, त्यात बरीचशी कैफियत असते : उदाहरणार्थ 38बी20एल यातील 38 हा आकडा सामर्थ्याचा दर्जा सांगतो, ‘बी’ हे अक्षर रुंदी व उंचीचा वर्ग मुक्रर करते (रुंदी सुमारे 129 मिलिमीटर, खोक्याची उंची सुमारे 203), 20 म्हणजे सेंटिमीटरांतील अदमासे लांबी, आणि शेवटचे अक्षर टर्मिनले कोणत्या अंगाला आहेत ते सांगते. यांपैकी उंची हीच आपली खरी वैरीण. कारण टर्मिनलाचा माथा आणि पत्र्याचे झाकण यांत पुरेसे अंतर नसेल, तर कोणी आसनामागे जड पेटारा टाकताच झाकण दबून टर्मिनलाला टेकेल आणि पूर्ण बॅटरीचा प्रवाह पत्र्यातून वाहू लागेल. गालिचा आणि आसनाचे कातडे तेथेच असल्यामुळे पुढला प्रकार वर्णन करण्याची आवश्यकता नाही. झाकणाच्या आतून रबराचा जाड तुकडा डकविणे हा चार आण्यांचा बंदोबस्त आहे, तो अवश्य करावा. टर्मिनलांच्या जाडीतही भेद असतो : लहान जपानी धाटणीच्या बॅटरीचे धन टोक 14.7 मिलिमीटरचे, तर युरोप-अमेरिकेकडील प्रचलित टोक 17.5 मिलिमीटरचे, जुना इंग्लिश क्लॅम्प लहान टोकावर सैल बसतो, आणि तो पक्का करण्यासाठी पत्र्याची चिपाटी कोंबण्याची जी गराजी रीत आहे तिच्यामुळेच ‘सेल्फ मारला तर नुसते टक् वाजते’ ही तक्रार उत्पन्न होते. त्यासाठी शिशाच्या टोप्या मिळतात, त्या बसवाव्यात.

आता त्या ‘जास्त ॲम्पियर’च्या सल्ल्याची झाडाझडती घेऊ. बॅटरी मोठी म्हणून ती आपोआप अधिक वीज खाते असे नव्हे. जेवढी काढली तेवढीच, थोड्या घटीसह, परत भरावी लागते. अडचण निराळीच आहे. जुन्या एम.जी.बी.चा ल्युकस सी40 डायनॅमो पुऱ्या वेगात फार तर 22 ॲम्पियर देतो, आणि एंजिन मंद फिरत असता जवळजवळ काहीच देत नाही. रात्री दिवे, वायपर आणि पंखा एकदम चालू असले म्हणजे बॅटरीच्या वाट्याला उरते ते अत्यल्प. मोठी बॅटरी अशा गाडीला दोन-तीन वेळा अधिक सेल्फ मारू देते खरी, परंतु एकदा पुरती उतरली की रविवारच्या तासाभराच्या फेरीत डायनॅमो तिला कधीच भरून काढू शकत नाही. ती सदैव अर्धपोटी राहते, तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते, आणि पाचांऐवजी दोन वर्षांतच ती निकामी होते. पुढल्या अल्टरनेटरची क्षमता 34 ॲम्पियर असल्यामुळे तेथे थोडी मोकळीक आहे. कोल्ड क्रँकिंगचा जो आकडा हल्ली मोठ्या अक्षरांत छापतात, तो शून्याखाली 18 अंश सेल्सिअसला बॅटरी तीस सेकंद किती प्रवाह देते याचा असतो. एडिंबरोच्या वाचकाने तो पाहावा, सोलापूरच्या वाचकाला त्याचे काडीइतके महत्त्व नाही. आपला शत्रू थंडी नसून उष्मा आहे : तपमान दहा अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य ढोबळ मानाने निम्मे होते.

जातीविषयी थोडक्यात. डिस्टिल्ड वॉटर घालावयाची जुनी साधी बॅटरी सोशीक असते, चार्जिंगचे व्होल्ट आवरणाऱ्या जुन्या रेग्युलेटरच्या लहरी सहन करते, आणि हायड्रोमीटरने प्रत्येक सेलाची नाडी पाहू देते. तिचे न्यून एवढेच की तिची वाफ आसनामागे साचते. काचेच्या तंतूंत ॲसिड शोषलेली ए.जी.एम. बॅटरी सांडत नाही आणि सहसा वाफाळत नाही, म्हणून माणसे बसतात त्या जागेशेजारी ती श्रेयस्कर. पण रेग्युलेटर पंधरा व्होल्टवर जात असेल तर ती आतून सुकते, आणि तिच्यात पाणी घालण्याची सोय नसते. तेव्हा ती घेण्यापूर्वी एंजिन वेगात ठेवून टर्मिनलांवर मल्टिमीटर लावावा, 13.8 ते 14.5 यांच्या दरम्यान काटा स्थिर राहिला, तर खुशाल घ्यावी. लिथियमची बॅटरी वजनाने फुलासारखी असली तरी यांत्रिक रेग्युलेटरच्या गाडीत तिला थारा देऊ नये, असे माझे मत आहे.

वाफेचा विषय निघालाच आहे, तर जपानच्या माझ्दा एम.एक्स.-5 चा उल्लेख अप्रस्तुत होणार नाही. 1989 साली अवतरलेल्या या गाडीच्या पहिल्या आवृत्तीत, वजनाचा तोल साधण्यासाठी बॅटरी डिकीच्या उजव्या कोपऱ्यात ठेवली आहे, आणि तिची वाफ बाहेर नेण्यासाठी नळ्यांची तजवीज केली आहे. बदलताना स्वस्त म्हणून नळीचे तोंड नसलेली बॅटरी घातली की बंद डिकीत हायड्रोजन साठतो. हवेत तो शेकडा चार भरला तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. स्फोट टळला तरी ॲसिडाच्या वाफेने डिकीचा पत्रा सडतोच.

खरेदीच्या वेळी बॅटरीवरील निर्मितीची तारीख पाहावी. सहा महिन्यांपेक्षा जुना माल दुकानदाराने कितीही सूट दिली तरी घेऊ नये, कारण फळीवर पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरत असते. विश्रांतीनंतर 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी रिकामी. दुकानातच मोजून घ्यावे. चातुर्मासात गाडी झाकून ठेवणाऱ्यांनी सांगाड्याकडची पट्टी सोडवून ठेवावी आणि महिन्यातून एकदा बॅटरी लहान चार्जरवर लावावी. काढलेली जुनी बॅटरी मात्र भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नये. तो ॲसिड गटारात ओततो आणि शिसे उघड्यावर वितळवितो. ती नव्या बॅटरीच्या दुकानदाराला परत द्यावी, आणि तिच्या मोबदल्याची वजावट पावतीवर लिहून घ्यावी. डायनॅमो उघडून कार्बन तपासण्याचा जाबता पुढील लेखांकी.